लिव्हरचा आजार आणि किडनी: सोलापुरातले नातेवाईक मला विचारतात ते प्रश्न

मी सोलापुरात पोटाच्या आणि लिव्हरच्या आजाराचे पेशंट पाहतो. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होत जाण्याचा आजार, पुढच्या टप्प्यात गेलेल्या पेशंटची किडनी बिघडली, की वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली माणसं हवालदिल होतात. कोणी अक्कलकोटहून आलेलं असतं, कोणी मोहोळहून, कोणी विडी घरकुलातून रिक्षा करून. प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. राउंडच्या गडबडीत उत्तर अर्धवट राहतं याची मला खंत वाटते, म्हणून ती इथे सावकाश लिहितो आहे. औषधांची नावं आणि प्रमाण दिलं आहे ते उपचार समजावा म्हणून. त्यावरून घरी काही सुरू किंवा बंद करू नका.

आजार लिव्हरचा होता. मग किडनी मध्येच कुठून आली?

उजनीच्या कॅनॉलवर शेती असलेल्याला हे पटकन कळतं. धरणात पाणी आहे, कॅनॉलही सुटला आहे, पण वरच्या अंगाला सगळे दरवाजे सताड उघडे ठेवले, तर टेलच्या, म्हणजे कॅनॉलच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. त्याचं पीक वाळतं. दोष त्याच्या जमिनीचा नसतो.

सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक होतं आणि आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेतला दाब वाढतो. त्या दाबामुळे पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रुंदावतात आणि शरीरातलं बरंच रक्त तिथेच अडकून राहतं. हे वर उघडे राहिलेले दरवाजे. बाकीच्या शरीराला वाटतं, रक्त कमी पडलं. मग मेंदू आणि ग्रंथी धोक्याची संप्रेरकं सोडतात: मीठ धरून ठेवा, पाणी धरून ठेवा, किडनीच्या रक्तवाहिन्या आवळा. धरलेलं मीठ-पाणी पोटात आणि पायात साठतं आणि किडनी कोरडी पडते. म्हणूनच पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असतं आणि त्याच वेळी लघवी जेमतेम होते. अंगात पाणी आहे, पण जिथे हवं तिथे ते नाही.

या प्रकाराला हेपॅटोरीनल सिंड्रोम म्हणतात. मात्र लिव्हरच्या पेशंटची किडनी बिघडण्याचं हे एकमेव कारण नाही. ते पुढे येतं.

म्हणजे किडनी कायमची गेली का?

बऱ्याचदा नाही. १९६९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हेपॅटोरीनल सिंड्रोमने दगावलेल्या पेशंटच्या किडन्या काढून, ज्यांची लिव्हर चांगली होती पण किडनी निकामी होती अशांना बसवल्या. त्या किडन्या नव्या शरीरात काम करू लागल्या. किडनी आतून शाबूत होती, तिला फक्त रक्त मिळत नव्हतं.

पण टेलचं पीक किती दिवस पाण्यावाचून तग धरणार? रक्तपुरवठा फार काळ तोकडा राहिला, तर किडनीच्या बारीक नळ्या मरू लागतात आणि मग रक्त मिळालं तरी ती लगेच उठत नाही. या आजारात मी तासांचा आणि दिवसांचा हिशोब करतो तो त्यामुळेच.

क्रिएटिनिन फक्त १.४ आहे. रिपोर्टवर लाल खूणही नाही. तरी डॉक्टर ॲडमिट व्हा का म्हणतात?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल, तर हे वाचा.

क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि किडनी ते रक्तातून बाहेर टाकते, म्हणून किडनी बिघडली की रक्तात ते वाढतं. सिरॉसिसच्या पेशंटचे दंड आणि मांड्या झिजलेल्या असतात. स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी. धडधाकट माणसाचं एक असतं तिथे याचं ०.६ किंवा ०.७ असतं. ते १.४ झालं म्हणजे दुप्पट झालं. लॅबच्या छापील मर्यादेच्या तो आकडा आत किंवा जेमतेम बाहेर दिसतो, पण किडनीचं निम्म्याहून अधिक काम थांबलेलं असू शकतं.

म्हणून आता जगभर ठरलेली कसोटी अशी आहे: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत ते मूळ आकड्याच्या दीडपट झालं, की किडनीला इजा झाली असं धरायचं. पूर्वी दीडच्या वर जाईपर्यंत थांबायची पद्धत होती. त्या थांबण्यात मौल्यवान दिवस जायचे.

आता सांगा, मूळ आकडाच माहीत नसेल तर वाढ कशी कळणार? रात्री दोन वाजता पेशंट कॅज्युअल्टीत येतो, मी विचारतो, "मागचं क्रिएटिनिन किती होतं?" आणि नातेवाईक एकमेकांकडे बघतात. जुनी फाईल गावी राहिलेली असते किंवा दुसऱ्या दवाखान्यात दिलेली असते. लिव्हरचा आजार असलेल्या प्रत्येक घराला माझी कळकळीची विनंती आहे. पेशंट बरा असतानाच्या क्रिएटिनिनचा आकडा, तारखेसह, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. घरातल्या निदान दोघांच्या मोबाईलमध्ये.

घरी कशावर लक्ष ठेवायचं?

लघवीवर. एक मापाची बाटली किंवा मग ठेवा आणि दिवसभराची लघवी मोजा. २४ तासांत ४०० मिलीच्या खाली गेली, तर सकाळची वाट पाहू नका.

शिवाय: झोपेची वेळ उलटीपालटी होणं, बोलताना अडखळणं, हात पुढे धरले की पंजे फडफडणं, ताप किंवा पोटदुखी, काळी डांबरासारखी शी, रक्ताची उलटी, दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब, वरचं बीपी ९० च्या खाली. यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठायचा. गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

तापाबद्दल वेगळं सांगतो. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झालेला असतानाही कित्येकांना ताप येत नाही, पोटही फारसं दुखत नाही. "जरा मलूल वाटतात, जेवण गेलं नाही" एवढंच असतं. तेवढंही पुरेसं आहे.

किडनी नेमकी कशामुळे बिघडली, हे कसं शोधतात?

आधी सोपी आणि उलटवता येणारी कारणं तपासतात. शरीर कोरडं पडलंय का: जुलाब, उलट्या, लघवीच्या गोळ्यांचा जास्त मारा, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरेतून रक्तस्राव. मग संसर्ग: पोटातलं पाणी, लघवी, छाती, त्वचा. मग औषधं.

पोटात पाणी असलेल्या पेशंटची किडनी बिघडली, की ॲडमिट झाल्याबरोबर सिरिंजभर पाणी काढून तपासायलाच हवं. ही छोटी तपासणी आहे, बारीक सुईने होते. त्या पाण्यात पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल २५० च्या वर निघाले, तर संसर्ग आहे असं धरून लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. नातेवाईक घाबरून "सुई नको" म्हणतात तेव्हा मी त्यांना बसवून समजावतो, कारण न केलेल्या या तपासणीची किंमत फार मोठी असते.

त्याबरोबर लघवीची तपासणी होते. प्रथिनं किंवा रक्तपेशी फार जात असतील, तर मूळ किडनीचाच आजार असण्याची शक्यता वाढते. सोनोग्राफीत किडनीचा आकार आणि लघवीच्या वाटेतला अडथळा कळतो. आजकाल दारूइतकेच मधुमेह आणि लठ्ठपणामुळे सिरॉसिस झालेले पेशंट येतात. त्यांची किडनी मधुमेहाने आधीच अर्धी थकलेली असते. हिपॅटायटिस बी मध्येही किडनीला वेगळी इजा होऊ शकते. त्यावरच्या टेनोफोविरच्या एका प्रकाराने किडनीवर ताण येतो, तेव्हा गोळी बदलता येते. ती स्वतःहून बंद मात्र कधीच करायची नाही, विषाणू उसळून लिव्हर एकदम बसू शकतं.

हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं, ते हेपॅटोरीनल. त्याची एकच अशी रक्ततपासणी नाही, निदान असं गाळत गाळतच होतं.

एका पेनकिलरने एवढं काय होणार?

होतं. मी हे वारंवार पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं. लूमवर दहा-बारा तास उभं राहून गुडघे धरतात, विड्या वळून पाठ आणि मनगट भरून येतं. दुकानात जाऊन "दुखण्याची गोळी द्या" म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. ती गोळी बहुधा डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा नायमेसुलाइड असते.

सिरॉसिसमध्ये किडनीच्या आवळलेल्या रक्तवाहिन्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे कशाबशा उघड्या राहतात. या गोळ्या तेच रसायन बंद करतात. म्हणजे टेलच्या शेताला येणारी शेवटची चारीही बुजवल्यासारखं होतं. दोन-तीन दिवसांच्या गोळ्याही पुरतात.

मग दुखलं तर? पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून. लिव्हरला पॅरासिटामॉल वाईट असं ऐकून लोक तेच टाळतात आणि नेमकी घातक गोळी घेतात. प्रमाणात घेतलेलं पॅरासिटामॉल या पेशंटला पेनकिलरपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. फक्त पाकिटावर बघा, त्यात दुसरी पेनकिलर मिसळलेली नको.

बीपीच्या टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल गटातल्या गोळ्या, जेंटामायसिन आणि अमिकासिनची इंजेक्शनं, सीटी स्कॅनचं शिरेतून दिलं जाणारं डाय, हेही किडनीला त्रास देऊ शकतात. कोणत्याही दवाखान्यात गेलात तर पहिलं वाक्य हेच म्हणा: "पेशंटला सिरॉसिस आहे."

पोटातलं पाणी काढलं आणि दोन दिवसांत किडनी बिघडली. पाणी काढायलाच नको होतं का?

पाणी काढणं चूक नाही. श्वास लागलेल्या माणसाला त्याने मोठा आराम मिळतो. पण पाच लिटरहून जास्त पाणी काढलं आणि त्याच्या जोडीला अल्ब्युमिन दिलं नाही, तर रक्ताभिसरण ढासळून किडनी बसू शकते. काढलेल्या प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन, असा हिशोब असतो. २० टक्क्यांच्या १०० मिली बाटलीत २० ग्रॅम असतं. म्हणजे सहा लिटर काढले तर साधारण दोन ते अडीच बाटल्या. पाणी काढण्याआधीच विचारा, अल्ब्युमिन किती लागेल.

लघवी होत नाहीये आणि डॉक्टरांनी लघवीचीच गोळी बंद केली! हे उलटं नाही का?

वाटतं उलटं. पण स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड रक्तवाहिन्यांतलं पाणी आणखी कमी करतात. किडनीला आधीच रक्त पोहोचत नाही, त्यात अजून ओढ लावून काय मिळणार? म्हणून किडनीला इजा झाली की या गोळ्या थांबवतात. स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियमही वाढतं आणि ते हृदयाला धोक्याचं. याच वेळी लिव्हरच्या शिरेतला दाब कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉलही, बीपी खाली असेल तर, काही काळ थांबवावं लागतं. पोट थोडं फुगेल, ते नंतर बघता येतं.

अल्ब्युमिन फार महाग आहे. साध्या सलाईनवर नाही भागणार?

एक बाटली काही हजारांची, आणि दिवसाला तीन-चार बाटल्या लिहून दिल्या की घरातल्यांचा चेहरा उतरतो. मला ते दिसतं. नुसत्या जुलाब-उलट्यांनी कोरड्या पडलेल्या पेशंटला साधं सलाईनही चालतं आणि समजूतदार डॉक्टर तेच आधी देतात. पण सिरॉसिसमध्ये सलाईनचं मीठ-पाणी लवकरच पोटात आणि पायात झिरपतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, ते पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवतं. कॅनॉलला अस्तर केल्यासारखं.

नेहमीची पद्धत म्हणजे वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त १०० ग्रॅम, एक ते दोन दिवस, आणि मग परत क्रिएटिनिन.

पोटातल्या पाण्यात संसर्ग असेल, तर अल्ब्युमिनचा फायदा फार ठळक आहे. १९९९ साली स्पेनमधल्या १२६ पेशंटच्या अभ्यासात, नुसतं अँटिबायोटिक दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांची किडनी बिघडली. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी अल्ब्युमिन जोडलेल्यांमध्ये हे प्रमाण १० टक्के होतं. दवाखान्यातले मृत्यूही २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. म्हणून या प्रसंगी पैशांची जुळवाजुळव अल्ब्युमिनसाठी आधी करा, असं मी स्पष्ट सांगतो.

दुसरी बाजूही आहे. अल्ब्युमिन जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरतं. धाप वाढली, उताणं झोपता येईना, तर लगेच सिस्टरना सांगा.

टर्लीप्रेसिन काय आहे? त्याने फरक पडतो का?

वरचे उघडे दरवाजे थोडे बंद करणारं औषध. पोटातल्या सैल रक्तवाहिन्या ते आवळतं, आणि रक्त किडनीकडे वळतं. अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, पण आपल्याकडे ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. ते अल्ब्युमिनसोबत, शिरेतून ठरावीक तासांनी किंवा सलग पंपावर देतात, जास्तीत जास्त १४ दिवस. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन पाहून डोस वाढवायचा की औषध थांबवायचं, ते ठरतं.

खरं सांगायचं तर ते सगळ्यांना लागू पडत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३०० पेशंटच्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात टर्लीप्रेसिन दिलेल्या ३२ टक्के पेशंटची किडनी सावरली, न दिलेल्यांत १७ टक्के. पण त्याच अभ्यासात श्वास निकामी होऊन झालेले मृत्यू टर्लीप्रेसिनच्या गटात जास्त होते, ११ टक्के विरुद्ध २. म्हणून ज्याचा ऑक्सिजन ९० च्या खाली आहे किंवा फुप्फुसात पाणी आहे, त्याला हे औषध देत नाहीत. हृदयविकार किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर आधी सांगा. औषध चालू असताना बोटं निळी-काळी पडणं, छातीत दुखणं, पोटात पिळ येऊन जुलाब, यावर तुमचंही लक्ष हवं.

क्रिएटिनिन पाचच्या पलीकडे गेल्यावर हे औषध सुरू केलं तर उपयोग होण्याची शक्यता फार कमी. दीड-दोनवर सुरू केलं तर आशा जास्त. पुन्हा तोच मुद्दा, मूळ आकडा आणि लवकर येणं.

आयसीयूमध्ये नॉरॲड्रिनालिनचा पंप हा चांगला पर्याय आहे आणि तो स्वस्तही पडतो. मिडोड्रिनच्या गोळ्या आणि ऑक्ट्रिओटाइड यांची जोडी त्या दोन्हींपेक्षा कमजोर.

सरळ डायलिसिसच का लावत नाही?

डायलिसिस रक्त गाळतं. पोटातल्या रक्तवाहिन्या आणि लिव्हर यांना ते हात लावत नाही. त्यामुळे लिव्हर सुधारणार असेल, किंवा ट्रान्सप्लांट होणार असेल, किंवा किडनी बिघडण्याचं कारण तात्पुरतं असेल, तर डायलिसिस हा पूल आहे. पुलाला पलीकडचा काठ लागतो. पोटॅशियम फार वाढलं, रक्तात आम्ल साठलं, फुप्फुसात पाणी भरलं, तर तातडीने लावावंच लागतं. पण या पेशंटचं बीपी आधीच खाली असतं, डायलिसिसवर ते आणखी कोसळतं. म्हणून काही ठिकाणी २४ तास हळूहळू चालणारं मशीन वापरतात. त्याचा खर्च आणि सोय दोन्ही आधी विचारून घ्या.

ट्रान्सप्लांटसाठी पुण्याला कधी न्यायचं?

किडनी बिघडायच्या आधी. हे वाचून काहींना राग येईल, पण मला दुसरं उत्तर प्रामाणिकपणे देता येत नाही. पोटात पहिल्यांदा पाणी झालं, पहिली रक्ताची उलटी झाली, पहिल्यांदा पेशंट बरळला, तेव्हाच ट्रान्सप्लांट सेंटरला एकदा दाखवून यावं. त्या वेळी माणूस रेल्वेत बसून जाऊ शकतो, तपासण्या सावकाश होतात, दाता कोण याचा विचार घरात शांतपणे होतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला अँब्युलन्समधून अडीचशे किलोमीटर नेताना यातलं काहीच होत नाही.

हेपॅटोरीनलवरचा पक्का इलाज लिव्हर ट्रान्सप्लांट हाच. नवं लिव्हर बसलं की किडनी बऱ्याचदा आपोआप उठते. किडनी सहा आठवड्यांहून जास्त काळ बंद असेल किंवा तिला आधीपासूनच जुना आजार असेल, तर लिव्हर आणि किडनी दोन्ही बदलण्याचा विचार होतो.

दाता दोन प्रकारे मिळतो. जवळचा नातेवाईक आपल्या लिव्हरचा भाग देऊ शकतो, देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत बरंचसं भरून येतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार नवरा-बायको, मुलं, आईवडील, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. किंवा मेंदूमृत व्यक्तीचं लिव्हर. त्यासाठी सेंटरमार्फत प्रतीक्षा यादीत नाव लागतं. सोलापूर पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे अवयव वाटप पाहणाऱ्या विभागीय समितीच्या, कक्षेत येतं. बिलिरुबिन (कावीळ), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), सोडियम आणि क्रिएटिनिन यांवरून मेल्ड नावाचा गुण काढतात, त्यावरून पेशंट किती गंभीर आहे हे ठरतं. दारूमुळे आजार झाला असेल तर ती पूर्ण सुटलेली आहे का आणि घरचा आधार कसा आहे, हेही पाहतात.

पैशांचं काय?

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांची सांगड घातलेली आहे, प्रति कुटुंब वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. ॲडमिट होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, तुमच्या पेशंटचा कोणता उपचार पॅकेजमध्ये बसतो ते विचारा. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर फार उशीर होतो. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हा मोठा आधार आहे. मोठ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो. हिपॅटायटिस बी आणि सी ची औषधं २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मोफत आहेत. आजाराचं मूळ ते असेल तर हा लाभ सोडू नका.

खायचं काय? भाकरी, शेंगा चटणी, नारळपाणी?

ज्वारीची भाकरी उत्तम, पिठात मीठ न घालता. शेंगा चटणी सोलापूरकराच्या ताटातून काढणं म्हणजे शिक्षाच, मला मान्य आहे. पण बाजारच्या चटणीत मीठ भरपूर असतं. घरी लसूण, जिरं, लाल तिखट घालून बिनमिठाची कुटा, वरून लिंबू पिळा. पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण, खारी, बिस्किटं आणि फसफसणारं ॲसिडिटीचं चूर्ण बंद.

सैंधव चालेल का, हे रोज विचारतात. सैंधवही मीठच, सोडियम तेवढंच. बाजारातलं लो सोडियम मीठ तर मुळीच नको, त्यात पोटॅशियम असतं. किडनी बिघडलेली असताना नारळपाणी, फळांचा रस, केळी यांबाबतीतही पोटॅशियमचा रिपोर्ट पाहूनच ठरवा. पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. माया कळते, पण आधी विचारा.

प्रथिनं कमी करू नका. "किडनी आणि लिव्हर दोन्ही बिघडलंय, डाळ-अंडी बंद" हा सल्ला स्नायू झिजवतो. पोटातलं पाणी वजा करून जे वजन राहील, त्याच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत: डाळ, दूध, दही, पनीर, अंडी. शेंगदाण्यातही प्रथिनं चांगली, फक्त पोटॅशियम वाढलेलं असेल तर हात आखडता घ्या.

पाणी तोडायचं का? रक्तातलं सोडियम १२५ च्या खाली गेलं असेल तरच, एरवी नाही.

एकादशीचा उपवास?

पांडुरंगाच्या जिल्ह्यात राहतो आपण, प्रश्न साहजिक आहे. खराब लिव्हर साखरेचा साठा करू शकत नाही. रात्रभर उपाशी राहिलं तरी शरीर स्नायू तोडून खातं. त्यामुळे उपवास नको. उलट रात्री झोपण्याआधी, दहाच्या सुमाराला, दूध-भाकरी किंवा दूध-पोहे असं काही खाऊन झोपावं.

शी होण्याचं पातळ औषध चालू आहे आणि उन्हाळ्यात पेशंट गळून जातो. काय करू?

लॅक्टुलोजने दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शी व्हावी, एवढंच उद्दिष्ट आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या बराच वर असतो. पत्र्याच्या खोलीत पेशंट घामाने आधीच सुकतो, त्यात सात-आठ जुलाब आणि वर लघवीच्या गोळ्या. किडनी बसवायला हे पुरेसं आहे. तीनपेक्षा जास्त वेळा झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून औषधाचं माप कमी करून घ्या. पण ते पूर्ण बंद करू नका, पेशंट गुंगीत जाईल.

काविळीचा झाडपाला देऊ का? गुळवेलाचा काढा?

नको. ज्याने दिलं तो भल्यासाठीच देतो, पण त्यात काय आणि किती आहे हे कळायला मार्ग नसतो. गुळवेलाने लिव्हरला इजा झाल्याचे पेशंट कोरोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. आधीच दिलं असेल तर लपवू नका, उरलेली पुडी दाखवा. मी रागावणार नाही.

ट्रान्सप्लांट जमणारच नसेल तर?

वय, दुसरा आजार, दाता नाही, पैसा नाही. कारण काहीही असो, तो तुमचा गुन्हा नाही. उपचार लागू न पडलेल्या झपाट्याच्या हेपॅटोरीनलमध्ये आयुष्य बहुधा आठवड्यांत मोजलं जातं, हे मला घरच्यांना सांगावं लागतं. लपवलं तर त्यांचे ते आठवडे आयसीयूच्या काचेबाहेर जातात.

पण तेव्हाही करण्यासारखं बरंच असतं. पोटातलं पाणी काढून श्वास मोकळा करता येतो. खाज, मळमळ, दुखणं, बेचैनी यांवर औषध देता येतं. मिठाचं पथ्य सैल करता येतं, आवडीचा घास देता येतो. डॉक्टरांना सरळ विचारा, "घरी नेलं तर काय काय होईल, आणि तेव्हा आम्ही काय करायचं?" पेशंट शुद्धीत असेल तर त्यालाही विचारा, त्याला कुठे राहायचं आहे.

किडनी सावरली, डिस्चार्ज मिळाला. आता?

पहिल्या आठवड्यातच क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासा. टर्लीप्रेसिन थांबल्यावर हेपॅटोरीनल परत येऊ शकतो. आला तर बऱ्याचदा पुन्हा त्याच औषधाने उतरतो, म्हणून लवकर कळायला हवं. लघवीच्या गोळ्या आपणहून परत सुरू करू नका. पोटातल्या पाण्याचा संसर्ग एकदा झाला असेल, तर तो परत होऊ नये म्हणून रोजची अँटिबायोटिक गोळी लिहून देतात. ती संपली की थांबवायची नसते. रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, वजन करा.

आणि डिस्चार्ज कार्डावर शेवटचं क्रिएटिनिन लिहिलेलं आहे ना, ते वॉर्डातून निघण्याआधी पाहा. नसेल तर सिस्टरकडून लिहून घ्या, तारखेसह, आणि तिथेच उभं राहून फोटो काढा.